भिंतीची ऊब

८ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

आज पहाटे थंडी पडली आणि मला आपली भिंत आठवली. वरच्या खोलीतली, जिच्या आतून भट्टीचं धुराडं जातं ती. शाळेतून भिजून आलो की आपण दोघी तिला पाठ लावून बसायचो आणि ओले मोजे तिच्यावर चिकटवायचो. मोजा वाळला की आपोआप गळून पडायचा. जिचा आधी पडेल तिने खाली जाऊन बाबांकडून गरम पाव आणायचा, असा आपला नियम. तू तुझ्या मोज्याला गुपचूप थुंकी लावायचीस, म्हणजे तो उशिरा पडेल. मला तेव्हाही माहीत होतं. तरी मीच खाली जायचे.

शाळेत प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर आपल्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बेकरीच्या मुली आलेल्या दिसतात. न बघताच कळलं." बाकीच्या मुली हसायच्या. आपल्याला मात्र मान ताठ करावीशी वाटायची. आपल्या गणवेशाला पावाचा वास येतो, अजून काय हवं?

असो. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे समास सोडला, तारीख घातली, खुशाली विचारली असं धर. आता मुद्द्याचं.

परदेशातल्या तुझ्या संस्थेची माणसं येऊन गेली. इतक्या वर्षांनी बहिणीला बहीण आठवली आणि तिने दोन ओळी नाही लिहिल्या, ट्रकमधून विजेचा ओव्हन पाठवला. बरोबर एक मुलगी होती, मीटर तपासणारी. आल्या आल्या मला मावशी म्हणाली. अशी आयती मावशी म्हणणाऱ्यांना नेहमी काहीतरी हवं असतं, हे दुकान चालवताना मी शिकले आहे.

"मावशी, हे सगळं फुकट आहे," ती म्हणाली.

"कुणासाठी?" मी विचारलं. ती हसली.

छपरावर काळी सौर पॅनेलं बसली. खाली कपाटाएवढा ओव्हन. आणि बाबांच्या भट्टीच्या कपाळावर, अगदी मधोमध, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी ठोकली. तिच्यात हिरवा दिवा लुकलुकतो. ती उष्णताही मोजते आणि धूरही, आणि दोन्ही आकडे तुमच्या देशात पाठवते. जुनी भट्टी पेटवली की तिकडे कळतं म्हणे. हिवाळा संपायच्या आत भट्टी पाडायची, नाहीतर ओव्हन आणि पॅनेलं परत नेणार, अशी अट आहे.

बाबा गेले तेव्हा दारात उभं राहून तू म्हणालीस, "ही भट्टी पाड, ताई. हिने बाबांना खाल्लं." मी नाही म्हटलं आणि तू पुन्हा आली नाहीस. म्हणजे तेव्हा तोंडाने जमलं नाही ते आता डबीने करून घ्यायचं आहे का? की ही जागा हवी आहे? भट्टी नसली की बेकरी कसली, आणि बेकरी नसली की रिकामं घर विकायला सोपं.

सरळ विचारते आहे, सरळ सांग. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

तुझी,
ताई


२६ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

पत्र मिळालं. "मला काहीच नको, फक्त तू त्या धुरातून बाहेर यावंस," असं तू लिहितेस. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडणारं. पण "काहीच नको" या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. खऱ्या वाक्याला रेघ लागत नाही.

तुझ्या संस्थेचा फोटोवाला आला होता. मला म्हणाला, एखादा जुना, फाटका ॲप्रन आहे का? मी म्हटलं, आहे, फरशी पुसायला घेतलाय. तो त्याने मला घालायला लावला. मग भट्टीसमोर उभं केलं, मामांना मुद्दाम ओलं लाकूड टाकायला सांगितलं, आणि धूर डोळ्यात गेल्यावर फोटो काढला. मग म्हणाला, आता केस नीट करा, स्वच्छ ॲप्रन घाला, आणि ओव्हनपाशी हसा. दोन्ही फोटो एकाच सकाळचे, टिल्लू. तुमच्याकडे ते 'आधी' आणि 'नंतर' म्हणून लागणार आहेत. जे लोक एका सकाळीत माझं आयुष्य बदलून दाखवतात, त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवायचा?

मामा तुला आठवतात ना? बाबांनी भट्टीवर ठेवलेले. अजून तेच पाव लावतात. त्यांचं ठाम मत आहे की डबी ऐकते.

"अहो, ती फक्त धूर मोजते," मी म्हटलं.

"ताई, मोजणारा ऐकतोही," मामा कुजबुजले. "मी तर तिच्यासमोर माझ्या सासूबद्दलसुद्धा चांगलंच बोलतो. उगाच परदेशात कशाला बदनामी?"

आता आम्ही पिठाच्या भावाबद्दल बोलायलाही अंगणात जातो.

ओव्हन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पाव एकसारखा फुगतो, मलाच तो अनोळखी वाटतो. पण आपलं काम उजाडायच्या आधीचं, आणि सूर्य आपल्या वेळेने येतो. आदल्या दिवशी धुकं असलं की बॅटरी अर्ध्यातच मान टाकते. मग निम्मा पाव भाजलेला, निम्मा कणीक. इन्व्हर्टरचा एक भाग मध्ये जळला. तो दुरुस्त करणारा माणूस या गावात नाही, शेजारच्याही नाही. फुकट वस्तूला दुरुस्तीवाला कुणी देत नाही.

आणि शेजाऱ्यांचं काय? पाव निघाल्यावर भट्टीत उरलेल्या उबेत अर्धी गल्ली आपली भांडी ठेवते, हे तू विसरलीस का? शिवणकामवाली वाटाणे भिजवून आणते, शाळेचा पहारेकरी राखेत कांदे पुरतो. दुपारपर्यंत सगळं मऊ होतं, कुणाला वेगळी चूल पेटवावी लागत नाही. ओव्हनचं तसं नाही. दार उघडलं की त्याची माया संपली. परवा शिवणकामवाली भांडं घेऊन आली, ओव्हनला हात लावला आणि म्हणाली, "बाई, हा तर परक्यासारखा गार आहे." भांडं घेऊन परत गेली. लाकूडवाला तर मला बघितलं की रस्ता बदलतो.

धूर वाचला की नाही हे तुमची डबी मोजते. बाकीचं कोण मोजतं?

माझी तब्येत उत्तम. थंडीने घसा बसलाय, एवढंच.

ताई


१५ डिसेंबर

प्रिय टिल्लू,

मीटरवाल्या मुलीला मी चहा पाजला आणि बोलतं केलं. संशयी बाई चहा चांगला करते. तिच्या तोंडून जे ऐकलं ते खरं की खोटं, तूच सांग.

मी भट्टी पेटवली नाही की जो धूर झाला नाही, त्याचं प्रमाणपत्र बनतं. ते प्रमाणपत्र तुमच्याकडची एक सिमेंट कंपनी विकत घेते. मग तिला तिचा धूर तसाच सोडत राहायची मुभा मिळते. बरोबर? म्हणजे माझा न झालेला धूर तिकडे कुणाच्या तरी चिमणीतून बाहेर पडतो. हा हिशोब मी पुन्हा पुन्हा मांडून बघितला. शाळेत तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण हे गणित सिस्टरांनी फळ्यावरून पुसायला लावलं असतं.

तू प्रामाणिकपणे लिहिलं आहेस म्हणून बरं वाटलं, की तुमच्या गावानेही पवनचक्क्या नाकारल्या. टेकडीचं दृश्य बिघडतं म्हणून. सभेत लोक रडले, असं लिहितेस. आणि तू राहतेस त्या इमारतीचा मालक छपरावर पॅनेलं लावू देत नाही, म्हणून तुझी स्वतःची खोली अजून गॅसवर तापते. वाचून मी हसले, मग हसू आवरलं. तुमच्याकडे टेकडी बघायची असते, म्हणून थांबा. आमच्याकडे दुपारचं जेवण शिजायचं असतं, तर म्हणे हिवाळा संपायच्या आत पाडा. तुमच्या सभेत रडता येतं. आमच्याकडे सभाच झाली नाही.

तू विचारलंस, आम्ही भट्टी पुन्हा पेटवतो का. धुक्याच्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवायचं का? तू बाबांची मुलगी आहेस, तूच सांग. मधूनमधून पेटवतो. रोज नाही. रोज म्हणण्यासारखं नाही.

डबीची काळजी करू नकोस. ती सुखरूप आहे. थंडीची म्हणून मी तिला नीट गुंडाळून ठेवली आहे.

आणि मामांनी तुला माझ्या खोकल्याबद्दल काही कळवलं असेल, तर त्यांना परवाच दटावलं आहे. पिठात काम करणारी बाई खोकणारच.

ताई


७ जानेवारी

टिल्लू,

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. मनात अजून सगळं नीट लागलेलं नाही.

दुपारी मीटरवाली मुलगी आली. नेहमी संस्थेच्या गाडीतून येते, काल स्वतःच्या स्कूटरवर होती. हेल्मेटही न काढता आत शिरली.

"मावशी, डबी कुठे आहे?"

"आहे की. भट्टीवर."

ती भट्टीपाशी गेली. डबी नव्हती, चार खिळ्यांची भोकं होती. मामा एकदम पाव मोजायला लागले.

"मावशी, मी रागावणार नाही. फक्त सांगा, कुठे ठेवलीत?"

मला वाटलं, आता ओव्हन नेणार. मी म्हटलं, "तुमच्या वस्तूची चोरी नाही झाली. बाजूला ठेवली आहे. मला सारखं कुणी बघत राहिलेलं आवडत नाही."

"बाजूला म्हणजे कुठे? तिथे कुणी झोपतं का?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. मग मामाच बोलले. "ताईंच्या खोलीत आहे. कपाटात, लोकरीच्या कपड्यांत." त्यांनीच तर ती पकडीने उपटून दिली होती मला.

मुलगी पिठाच्या पोत्यावर बसली आणि तिने हेल्मेट काढलं. म्हणाली, डबीकडून येणारी उष्णता गेले काही आठवडे घरातल्या खोलीसारखी आहे, म्हणजे डबी भट्टीवर नाही हे उघड आहे. पण धूर? भट्टीसमोर उभ्या माणसाला लागेल त्याहून जास्त. सकाळी चढतो आणि दुपारपर्यंत उतरत नाही. "मावशी, दारं बंद असलेल्या कपाटात एवढा धूर येतो कुठून?"

मला ही युक्ती वाटली, टिल्लू. खरं सांगते. वाटलं, भट्टी पाडून घेण्यासाठी आकडेही तयार करून आणले. मी म्हटलं, चल, तुझ्या डोळ्यांनी बघ, माझ्या खोलीत धूर नसतो, नुसती ऊब असते.

आम्ही तिघांनी कपाट सरकवलं. आपल्या भिंतीला लागून असलेलं ते कपाट, बाबांनी शेवटच्या दिवसांत तिथे उभं केलेलं. मागची भिंत काळी होती. ओल असावी असं वाटून मी बोट लावलं, तर गिलावा पापडासारखा हातात आला. आत छतापर्यंत गेलेली भेग. मामा खाली गेले आणि भट्टीत कागद पेटवले. आम्ही वर उभ्या होतो. थोड्या वेळाने त्या भेगेतून धुराची एक बारीक, शांत रेघ बाहेर आली आणि माझ्या उशीकडे वळली.

हीच ती भिंत. आई गेल्यावर आपण तिघं त्याच खोलीत झोपायचो. तू वसतिगृहात गेलीस, मग मी आणि बाबा. शेवटी शेवटी दम लागायचा तेव्हा बाबा भट्टीवर जायचं सोडून वरच पडून राहायचे. म्हणायचे, "इथे मला बरं वाटतं, भिंत उबदार आहे." मीच त्यांची खाट भिंतीला लावून दिली होती. आणि सिस्टरांना मागून, न बघता यायचा तो वास. तो पावाचा नव्हता, नाही का?

मुलगी जायला निघाली तेव्हा मी विचारलं, "तुला एकदम आजच कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं. तुमच्या बहिणीचा फोन आला. त्या फार घाबरलेल्या होत्या."

"तिला इतक्या डब्यांमधून माझी बरी सापडली."

"बाकीच्या डब्या आम्ही बघतो, मावशी. तुमची त्या स्वतः बघतात. रोज."

का, टिल्लू? रोज बघण्यासारखं काय आहे माझ्यात? याचं उत्तर दे, आणि कशाहीखाली रेघ मारू नकोस.

ताई


२३ जानेवारी

प्रिय टिल्लू,

रेघ नाही. एकही नाही. मी भिंगाने बघितलं.

तू लिहितेस, "तू फोन उचलत नाहीस. सकाळी आलेखावर तुझ्या भट्टीची रेघ वर गेली की मला कळायचं, ताई उठली. मग मी झोपायचे." एवढंच. तुमच्याकडे तेव्हा रात्र असते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे मी नियम मोडून भट्टी पेटवायचे आणि तू तिकडे सुटकेचा निःश्वास सोडायचीस. संस्थेला कळलं तर दोघींनाही काढतील.

मी अजून संशय सोडलेला नाही, हे लक्षात ठेव. फक्त तुझ्यावरचा थोडा काढून तुझ्या संस्थेवर ठेवला आहे.

मीटरवाली मुलगी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. छातीचा फोटो काढला. फोटो काढून घ्यायची मला आता सवय झालीच आहे. याला 'आधी' म्हणायचं की 'नंतर', असं विचारलं, तर डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नवीन काही सांगितलं नाही. बाबांना जे सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. पण बाबांना फार उशिरा सांगितलं होतं आणि मला थोडं आधी, हा फरक आहे. तो किती मोठा, हे तेही सांगत नाहीत. गोळ्या आहेत, एक वाफेचं यंत्र आहे. तेही विजेवर चालतं, म्हणजे सुटका नाही. मी खालच्या, दुकानामागच्या खोलीत झोपते आता. ती गार आहे. रात्री पाठ भिंत शोधते.

भट्टी पाडायची ठरवली आहे. तुमच्या अटीमुळे नाही, हे त्या मुलीला दोनदा सांगितलं. तिला म्हटलं, माझा धूर त्या सिमेंटवाल्यांना विकू नका. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "ते माझ्या हातात नाही, मावशी." खरं बोलली म्हणून तिच्यावरचाही संशय थोडा कमी केला. पण फोटोवाल्याला पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही. इन्व्हर्टर दुरुस्त करायला इथलंच कुणीतरी शिकवून तयार करा, हेही तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. कबूल केलं म्हणजे केलंच, असं मी धरून चाललेले नाही.

भांड्यांचं असं ठरलं. दुपारी ऊन माथ्यावर असतं तेव्हा वीज भरपूर आणि ओव्हन रिकामा. त्या वेळी गल्लीची भांडी आत. शिवणकामवाली नाक मुरडत आली, वाटाण्यांत डाव घालून बघितला आणि म्हणाली, "शिजले हो. पण चव तशी नाही." चव कशाची नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

मामा अजून ओव्हनच्या जवळ जात नाहीत. लांबून, पाव काढायच्या फळीच्या दांड्याने बटण दाबतात. काल चुकून दिवाच बंद केला.

तू येते म्हणतेस. बघू. तिकीट काढलंस की तारीख कळव, मग विश्वास ठेवते.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

भट्टी पाडली. मामा आणि दोन गवंडी. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. पण ती बसलेल्या माणसासारखी हळूच खाली आली. मामा दुकानाबाहेर पाठ करून उभे होते. म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. बाहेर धूळ नव्हती.

तारीख कळवलीस, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. तू येशील तेव्हा मी असेनच, डॉक्टरही तसंच म्हणतात. पण समोर बसल्यावर आपण दोघी मोज्यांवरून भांडू आणि हे राहून जाईल.

पाव काढायची लांब दांड्याची फळी मामांची. तिचा आता उपयोग नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला बटणाबद्दल सांग.

आंबवलेल्या पिठाचा गोळा, बाबांच्या वेळेपासून चालत आलेला, अर्धा मामांकडे आणि अर्धा शिवणकामवालीकडे. दोघांपैकी एकजण तो नक्की मारेल. कोण, ते मी सांगत नाही.

भट्टीचं लोखंडी दार लाकूडवाल्याचं. त्याचं गिऱ्हाईक आपण तोडलं, निदान दार द्यावं. तो मागायला येणार नाही. नेऊन दे.

चांगल्या विटा शाळेच्या पहारेकऱ्याला, त्याच्या पायरीसाठी. वरच्या खोलीच्या भिंतीतल्या काळ्या विटा कुणालाच नाहीत. फक्त एक तुझी. कागदात गुंडाळून ठेवली आहे. विमानतळावर विचारलं तर सांग, मोजे वाळवायची आहे.

बेकरी तुझी आणि मामांची, निम्मी निम्मी. म्हणजे तुला विकता येणार नाही आणि त्यांना बंद करता येणार नाही. बघितलंस? पूर्ण विश्वास मी अजून कुणावरच ठेवलेला नाही.

स्वच्छ ॲप्रन मीटरवाल्या मुलीला. तिला सांग, मावशी म्हणालीस ते चाललं.

राहिली डबी. ती परत द्यायची होती, पण मुलीने 'हरवली' असं लिहून टाकलं. मी ती खालच्या खोलीत, माझ्या खाटेपाशी खिळ्याला लावली आहे. तिची रेघ आता सपाट असेल, घाबरू नकोस. सपाटच असायला हवी. रोज सकाळी उठल्यावर मी तिच्यासमोर एक काडी पेटवीन आणि फुंकून टाकीन. तेवढा काडीचा धूर तुमच्या सिमेंटवाल्यांनी माझ्या नावावर लावावा. रेघेला एक बारीक टोक आलं, की समज ताई उठली, आणि झोप.

ज्या सकाळी टोक येणार नाही, त्या सकाळी मामांना फोन कर आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. हळू वाच, त्यांना कमी ऐकू येतं. ते डबीपाशी उभे असताना मात्र वाचू नकोस. ते मोकळेपणी रडणार नाहीत.

तुझी,
ताई